आखूड एआरसाठी सप्रेसर: बॅफलवाला घ्यावा की आरपारवाला?

गेल्या महिन्यात ह्यूस्टनमधल्या दोन मराठी मित्रांनी आठवड्याच्या अंतराने मला हाच प्रश्न विचारला: बंदुकीच्या तोंडाला आवाज कमी करायला लावतात तो सप्रेसर बॅफलवाला (गॅस आत अडवणारा) घ्यावा की आरपारवाला (गॅस पुढे काढून देणारा)? दोघांकडेही ५.५६ मिमी गोळीची आखूड एआर, म्हणजे एआर-१५ धर्तीची रायफल आहे. एकाचे बॅरल साडेदहा इंची, दुसऱ्याचे माझ्यासारखेच साडेअकरा इंची. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला, त्यामुळे इतकी वर्षे थांबलेली मंडळी आता दुकानाची पायरी चढू लागली आहेत. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि एटीएफ या केंद्रीय खात्याची मंजुरी मात्र तशीच आहे. (एच-१बीवर असाल तर आधी वकिलाशी बोला. त्या व्हिसावर साधी बंदूक बाळगण्यावरही मोजके अपवाद सोडून बंदी आहे. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.)

निवड नीट करायची, कारण ही वस्तू एकदा नावावर चढली की सहजासहजी परत होत नाही. विकायची म्हटली तरी घेणाऱ्याला पुन्हा तेच सगळे सोपस्कार. मी दोन्ही प्रकार घेऊन बसलो आहे, म्हणून अनुभव लिहितो.

डेसिबलच्या आकड्यांत मी शिरत नाही, ते जागोजागी मिळतात. एवढेच सांगतो, की ५.५६ची गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते आणि हवेतला तिचा कडाका कुठलाही सप्रेसर थांबवू शकत नाही. शिवाय साडेअकरा इंची बॅरलच्या तोंडाशी दाब इतका असतो, की कानांवर मफ दोन्हींसोबत हवाच. पुढे उभ्या असलेल्या माणसाला बॅफलवाला थोडा शांत वाटतो. माझ्या स्वतःच्या कानाला फरक जवळजवळ जाणवला नाही.

माझा निर्णय धुराने केला.

बॅफलवाल्यात शंकूसारख्या चकत्या एकामागे एक बसवलेल्या असतात. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी संशोधकाने १९०९ मध्ये सप्रेसरचे पेटंट घेतले तेव्हापासूनची मूळ कल्पना हीच: गॅस अडवायचा, घोळवायचा, थंड करायचा, मग सोडायचा. अडलेला गॅस वाट शोधत मागे येतो. आखूड एआरमध्ये हे जास्तच होते. एआरमध्ये बाराचा थोडा गॅस बॅरलमधल्या एका भोकातून मागे येतो आणि बोल्ट (पुंगळी काढून नवी गोळी भरणारा भाग) उघडतो. गोळी त्या भोकापुढे गेली की तीन-चार इंचांत बॅरलबाहेर पडते, म्हणून रायफल नीट चालावी यासाठी ते भोकच मोठे ठेवतात. त्यावर सप्रेसर चढवला की दाब जास्त वेळ टिकतो, बोल्ट लवकर आणि जोरात उघडतो, आणि उरलेला गॅस पुंगळ्या उडतात त्या खिडकीतून आणि चार्जिंग हँडलच्या (बोल्ट हाताने ओढायच्या मुठीच्या) फटीतून बाहेर येतो.

ती खिडकी उजव्या बाजूला असते आणि मी डावखुरा आहे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या तोंडापासून ती पलीकडे राहते. माझ्या मात्र ती थेट नाकासमोर.

जूनमधला शनिवार होता. रेंजवर छपराखाली बसलो होतो, वारा औषधालाही नव्हता. तिसऱ्या मॅगझिनपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहू लागले, जिभेवर तांब्याची नाणी चोखल्यासारखी चव आली. चष्मा काढला तर आतल्या बाजूने काजळी धरलेली. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या नाकाखाली काळं काय लागलंय?" तो प्रश्न मला लागला. या धुरात शिसे असते. तोवर मी त्याकडे गैरसोय म्हणून पाहत होतो, त्या दिवसापासून काळजी म्हणून पाहू लागलो. आता रेंजवरून आलो की आधी कपडे वेगळे टाकतो, अंघोळ करतो, मगच मुलीला जवळ घेतो.

उपाय केले नाहीत असे नाही. जड बफर (बोल्टमागचे, त्याचा धक्का झेलणारे वजन) घातला, तेव्हा १ वाजण्याच्या दिशेला (१२ म्हणजे सरळ पुढे) उडणाऱ्या पुंगळ्या ३च्या आसपास पडू लागल्या, म्हणजे बोल्टचा जोर ओसरला. हँडलच्या फटीला सिलिकॉन लावले. गॅस कमी-जास्त करता येणारा ब्लॉकही बसवला. धूर निम्म्यावर आला असेल, पण गेला नाही. आणि ब्लॉक आवळून ठेवला, की सप्रेसर काढल्यावर बोल्ट अर्धवटच मागे येऊन रायफल अडकायची. म्हणजे दर वेळी पाना काढा, तोही काजळीने जाम झालेल्या स्क्रूवर.

मग एका मित्राने त्याचा आरपारवाला माझ्याच रायफलीवर लावून दिला. ओएसएस या कंपनीने, म्हणजे आताच्या हक्सवर्क्सने, ही पद्धत पुढे आणली. यात गॅस कोंडत नाहीत, पिळदार वाटांनी फिरवत पुढे काढून देतात. बफर जुनाच ठेवला, ब्लॉक पूर्ण उघडा. ३० बार काढले आणि चष्मा उतरवून पाहिला. काच स्वच्छ होती. पुंगळ्याही सप्रेसर नसताना पडतात तिथेच पडल्या होत्या. त्याच आठवड्यात मी अर्ज भरला.

त्याच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. संध्याकाळी तोंडाशी ज्वाळा दिसते, बॅफलवाल्यापेक्षा नक्कीच जास्त. रात्री रानडुकरांमागे जाणाऱ्याला ही गोष्ट खुपेल. शेजारच्या टेबलावरच्याला आवाज जरा जास्त लागतो. किंमतही मला चढीच पडली. म्हणून उजव्या हाताचे असाल, उघड्या माळावर वाऱ्यात बार काढत असाल किंवा सबसॉनिक (आवाजापेक्षा सावकाश जाणारी) ३०० ब्लॅकआउट गोळी वापरत असाल, तर बॅफलवाला घेऊन तुमचे काही अडणार नाही. मात्र तो कमीत कमी किती इंची बॅरलवर चालतो, हे घेण्याआधी वाचा. आखूड बॅरलमध्ये न जळलेली दारू पहिल्या चकतीवर आदळत राहते आणि ती चकती झिजवते.

पण आखूड ५.५६ एआर, छपराखालची चांदमारी आणि त्यात डावा खांदा असेल, तर माझे मत तुम्हाला एव्हाना कळलेच असेल. माझ्या साडेदहा इंचीवाल्या मित्रालाही मी तेच सांगितले.

जुना बॅफलवाला मी विकला नाही. तो आता .२२३च्या (५.५६च्याच मापाच्या गोळीच्या) बोल्ट रायफलीवर असतो. तिथे हाताने उघडेपर्यंत बोल्ट बंदच राहतो, गॅसला मागे यायला वाट नसते, आणि सप्रेसर खरोखर फार छान काम करतो.