4 स्टार, एक पाकिटांसाठी कापला

भावासाठी मानसिक आजार असलेल्यांच्या या पुनर्वसन सेंटरला दीड वर्षापूर्वी आलो. भाऊ 34 चा, स्किझोफ्रेनिया, बी.फार्म दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. आधी एकदा कॉल सेंटरला लागला होता, आजार लपवून. नाईट शिफ्टमुळे रात्रीची गोळी चुकायला लागली, मग कानात येणारे भासाचे आवाज वाढले, तिसऱ्या आठवड्यात घरी. त्यामुळे नोकरी हा शब्द काढला की आईच्या पोटात गोळा यायचा, खरं सांगते.

आधी तक्रार. पहिले सात महिने पाकिटं. कागदी पाकिटं, पिशव्या, दिवाळीत पणत्या रंगवणं. सुरवातीला ठीक, माणूस आंघोळ करून वेळेवर बाहेर पडायला लागला हेच आमच्यासाठी खूप होतं. पण नंतर तोच म्हणायला लागला, ताई मी पाकिटांत पीएचडी करतोय का. मी थोडं वाचलं, तर अमेरिकेत 1990 च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, मानसिक आजार असलेल्यांना नोकरीला लावायची) म्हणून पद्धत काढली, त्यात हे तयारीचं लांबण नाहीच. ज्याला काम करायचंय त्याच्यासाठी लगेच बाहेरची खरी नोकरी शोधायची, शिकवायचं ते नोकरीवर, आणि मदत पुढेही चालू ठेवायची. सेंटरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, पद्धत माहितीये हो, घेणारे मालक कुठून आणू? यावर मी काय बोलणार. तरी सात महिने जास्तच.

आता चार स्टार कशाचे ते. सदाशिव पेठेत औषधांच्या एका होलसेलवाल्याकडे एक्सपायरी झालेला माल वेगळा काढायचं काम त्याला मिळालं. फार्मसी थोडी झालेली, नावं वाचता येतात, म्हणजे काम माणसाला बघून शोधलं होतं. त्याला क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाची गोळी, झोप फार येते) चालू आहे, सकाळी डोळेच उघडत नाहीत, म्हणून मॅडमनी वेळ 11 ते 4 ठरवून घेतली. आधीच्या नोकरीत हे कोणी मागितलंच नव्हतं, मागणार कसं, आजारच सांगितला नव्हता. इथे शेठना किती सांगायचं ते भावाला विचारून ठरलं. शेठना आजाराचं नाव माहीत, बाकी पोरांना एवढंच की औषधं चालू आहेत. दर शुक्रवारी मॅडमचा शेठना एक फोन आणि भावाला एक फोन.

या फोनची किंमत गणपतीत कळली. पेठेत दहा दिवस स्पीकर आणि ढोलताशे, चौथ्या दिवशी हा अर्ध्यातून घरी आला आणि खोलीचं दार लावून बसला. आम्ही धरून चाललो की गेली ही पण नोकरी. मॅडमनी डॉक्टरांची वेळ घेतली, शेठशी बोलून विसर्जनापर्यंत सुट्टी घेतली (पगार कापून, पण काम राहिलं) आणि परत जायच्या पहिल्या दिवशी त्याच्यासोबत गोडाऊनच्या दारापर्यंत स्वतः गेल्या. परवा दहा महिने झाले नोकरीला. पहिल्या पगारातून आईला चष्म्याची नवी फ्रेम आणली, तिला आवडली नाही, रोज घालते.

यूडीआयडी कार्डाचं (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) कामही सेंटरने समजावलं. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलाय, सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का जो आहे तो ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व वगैरेंसोबत वाटून. पण त्याला किमान 40 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, आणि आयडियाज नावाच्या ज्या मोजपट्टीवर ते ठरतं तिच्यात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं यांच्याबरोबर काम हाही एक मुद्दा आहे. म्हणजे नीट काम करायला लागला की टक्के उतरणार! आम्हाला तीन खेपा पडल्या, पण त्यात सेंटरचा दोष नाही.

बाकी किरकोळ. तिसरा मजला, लिफ्ट मनात आलं तर चालते. पार्किंग विसरा. पालकांची मीटिंग शनिवारी असते, तिला जाच, चहा बरा असतो आणि आपल्यासारखी दहा घरं भेटतात. जाताना जुन्या डॉक्टरांचे कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, नाहीतर परत पाठवतात.

आणि कोणाला कागदी पाकिटं हवी असतील तर सांगा, घरात अजून दोन गठ्ठे आहेत.