डोके-मानेच्या कॅन्सरचे उपचार: कोणती मदत आधी घ्यायची, कोणती थांबू शकते?

तोंड, घसा किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी रेडिएशन ठरलं की तारखांसोबत नावांची यादीही हातात पडते: दंतवैद्य, आहारतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट, समुपदेशक, रुग्णांचा गट. सगळ्यांकडे जायला वेळ आणि ताकद थोड्यांकडेच असते. मग बहुतेक जण त्रास बघून निवड करतात. माझ्या मते इथेच गडबड होते, कारण यातल्या दोन मदतींची वेळ त्रास सुरू होण्याआधीच निघून जाते.

पहिली दंतवैद्याची. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दात काढला तर जखम न भरता हाड कुजायचा धोका असतो. म्हणून खराब दात आधीच काढायचा, तोही जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतील अशा बेताने. इथे निवडीचा प्रश्नच नाही, जायचंच.

दुसरी स्पीच थेरपिस्टची. ‘माझं बोलणं ठीक आहे, मग कशाला?’ म्हणून ही भेट बऱ्याचदा टाळली जाते. पण या उपचारांत तिचं मोठं काम गिळण्याचं आहे. घशाचे स्नायू न वापरल्याने आखडतात आणि एकदा आखडले की पुन्हा मोकळे करणं फार अवघड. व्यायाम सुरू करायची वेळ उपचारांआधीची, सगळं व्यवस्थित गिळता येत असतानाची. जबड्याचंही तसंच. तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर 35 मिलिमीटरपेक्षा कमी झालं, तर तोंड उघडण्याची अडचण सुरू झाली असं धरतात.

आहारतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांच्यात गोंधळ होतो. पोटात किती जातंय ते पहिला बघतो, कसं उतरतंय ते दुसरा. वजन घटतंय, चव गेली, खावंसंच वाटत नाही: आहारतज्ज्ञ. पाणी पिताना ठसका लागतो, खाल्ल्यावर आवाज घोगरा-ओलसर होतो: स्पीच थेरपिस्ट, आणि लवकर, कारण अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. उपचारांच्या काळात साधारणपणे दर किलो वजनामागे रोज 30 कॅलरी लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1,800. तोंड सोललेलं असताना हा आकडा अंदाजाने गाठता येत नाही, म्हणून दर आठवड्याला वजन करून दाखवावं.

खरी घासाघीस होते ती नळीवरून, म्हणजे तोंडाने पुरेसं जात नसेल तेव्हा जिच्यातून पोटात अन्न देतात ती. नाकातली नळी शस्त्रक्रियेशिवाय बसते आणि काढायलाही सोपी, पण ती चेहऱ्यावर दिसते, घशात टोचते, कधी निसटते. चार-सहा आठवड्यांपुरती गरज असेल तर ती पुरते. पोटातली नळी कपड्याखाली झाकली जाते आणि जास्त दिवस चालते. मात्र ती बसवायला छोटी शस्त्रक्रिया लागते, तिथे संसर्ग होऊ शकतो आणि पुढे तिच्यावर जास्त काळ अवलंबून राहण्याची शक्यताही असते. वजन आधीच बरंच उतरलं असेल किंवा केमोही सोबत असेल, तर पोटातल्या नळीबद्दल सुरुवातीलाच विचारावं. नळी कुठलीही असो, थेरपिस्टने सुरक्षित म्हटलं असेल तोवर घोट-दोन घोट गिळत राहायचं.

मनाच्या आधाराला दोन वाटा. गटातल्या माणसाने लाळ आटलेल्या रात्री काढलेल्या असतात. उशाशी पाणी कसं ठेवायचं, लोकांसमोर जेवायला कसं बसायचं, हे तोच सांगतो. पण त्याचा कॅन्सर तुमचा नसतो, त्यामुळे औषधांबाबत त्याचं ऐकू नये. ज्याला बोलायलाच त्रास होतो, त्याने लिहून बोलता येईल असा गट बघावा. झोप उडाली, चेहरा आरशात बघवत नाही, उपचार सोडून द्यावेसे वाटतात, तर समुपदेशक बरा. मध्येच रेडिएशन थांबलं तर गाठीच्या पेशींना वाढायला सवड मिळते, म्हणून हा नुसता मनाचा मामला राहत नाही. या कॅन्सरमध्ये आत्महत्येचा धोका इतर अनेक कॅन्सरपेक्षा जास्त आढळतो. जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

तंबाखू सोडवणाऱ्यांची मदत वेगळी मोजायलाच नको. रेडिएशन चालू असताना धूम्रपान केलं तर उपचारांचा गुण कमी येतो. औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळून घेतलं, तर नुसत्या निर्धारापेक्षा जास्त उपयोग होतो.

आणखी एक, जे यादीत सहसा नसतं. सहा-सात आठवड्यांचं रेडिएशन संपलं की रोजची फेरी बंद होते, पण तोंडाचा दाह त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो. म्हणून आहारतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्टची त्या पंधरवड्यातली वेळ शेवटच्या फेरीआधीच घेऊन ठेवावी.