कोरडं पाकीट की ओलं? आधी पाणी कुठलं ते बघा

बोअरच्या पाण्याचे नमुने गोळा करत मला आष्टी-पाटोद्याकडं आठ-आठ दिवस फिरावं लागतं. घरचे धपाटे पहिले दोन दिवस पुरतात, पुढं तयार जेवणाच्या पाकिटावरच भागवायचं. दोन वर्षांत मी दोन्ही प्रकार खाऊन पाहिले: फ्रीझ-ड्राय केलेली, म्हणजे गोठवून सुकवलेली कोरडी खिचडी, आणि रिटॉर्ट पाकिटातला, म्हणजे शिजवलेला ओला राजमा-भात. दोन्ही तऱ्हा अंतराळात जाऊन आलेल्या आहेत.

वजनात कोरडं पाकीट जिंकतं, त्यात वाद नाही. गोठवलेल्या अन्नातला बर्फ निर्वातात सरळ वाफ होऊन निघून जातो आणि हातात राहतं ते शेवरीच्या कापसासारखं हलकं. पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढायचा असेल तर मीही तेच नेईन. जरा महाग पडतं, पण ते असो.

आता पाण्याचं. कोरड्या पाकिटात गरम पाणी ओतल्याशिवाय ते खाता येत नाही. अपोलो यानांना आणि नंतर स्पेस शटलला कोरडं अन्न परवडायचं, कारण त्यांच्या इंधनघटांत हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज होताना पाणी आयतंच मिळायचं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सौरऊर्जेवर चालतं. तिथं ते आयतं पाणी नाही, घाम आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा वापरतात. म्हणजे पाणीही सोबत न्यायचं असेल तर कोरड्याचा हलकेपणा निम्मा कागदावरच राहतो. टँकरच्या गावात दिवस काढलेल्याला हे समजावून सांगायला नको.

माझं घोडं अडलं ते इथंच. पाटोद्याजवळच्या एका वस्तीवर थर्मासमधलं पाणी संपलं, म्हणून तिथल्याच बोअरचं उकळून पाकिटात ओतलं. तिथं तुरीची डाळ सोडा टाकल्याशिवाय शिजत नाही, इतकं पाणी जड. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलेली, मी वीस मिनिटं थांबलो. भात वरून मऊ, आत खडूसारखी कणी. डाळ दाताखाली करकर वाजली, वर खारट-तुरट चव. ड्रायव्हर म्हणाला, "सर, गिट्टी भिजू घातल्यावानी झालंय की हे!" दोष पाण्याच्या क्षारांचा की ते पुरेसं कढत नव्हतं त्याचा, छातीठोक सांगत नाही. पण घरून नेलेल्या फिल्टरच्या पाण्यात हीच खिचडी छान फुलली होती.

ओल्या पाकिटाला ही कटकट नाही. अन्न पाकिटात बंद करूनच दाबाखाली, साधारण १२१ अंशांवर निर्जंतुक केलेलं असतं. फाडा आणि खा. ते जड आहे, कबूल. भाज्याही जरा जास्तच गळलेल्या लागतात, आणि गार खाल्लं तर तूप टाळूला चिकटतं. पण एप्रिलात आपल्याकडं गार राहतंय काय? गाडी उन्हात लावून पाकीट डॅशबोर्डवर अर्धा तास ठेवतो, राजमा सुखानं खाण्याइतका कोमट होतो. पावसाळ्यात मात्र हे जमत नाही, तेव्हा पाकीट गरम पाण्यात बुडवतो. ते पाणी कितीही खारं असो, पोटात जात नाही. १९६८ च्या नाताळात अपोलो ८ वर अंतराळवीरांना ग्रेव्हीतली टर्की अशाच ओल्या पाकिटातून मिळाली होती, आणि ती साध्या चमच्यानं खाता आली. कोरडे घास कोमट पाण्यात कालवून खाणाऱ्यांना ते जेवण काय वाटलं असेल, हे मला आता कळतं.

धपाट्यांचंही जाता जाता सांगतो. ब्रेडचा चुरा यानभर तरंगतो म्हणून शटलवर १९८५ पासून मेक्सिकन टॉर्टिया जायला लागल्या. या हिशेबात आपली ज्वारीची भाकर नापास होईल, धपाटे मात्र खुशाल पाठवावेत.

तुमच्या गावचं पाणी गोड असेल आणि चालणं जास्त असेल, तर कोरडं घ्यायला माझी हरकत नाही. माझ्या गाडीत सध्या सहा ओली पाकिटं आहेत. कोरडं एकच आहे, तेही मागच्या वर्षीचं.