बार शंभरवर गेला, काम मात्र बाकीच: एक्सएचआर, फेच, पोलिंग का एसएसई?

प्रोग्रेस बार लावायच्या आधी वेळ नक्की जातो कुठं ते बघा. बाइट वाटेत आहेत, का सगळं पोचलंय आणि सर्व्हर दळण दळत बसलाय? मी हे न बघता एक्सेल अपलोडला बार लावला, तो ४ सेकंदात शंभरवर, पुढची ३ मिनिटं सर्व्हर एकेक ओळ तपासतोय आणि स्क्रीन ढिम्म. युजरला वाटलं लटकलं, त्यानं परत बटण दाबलं, सगळ्या एंट्र्या डबल.

फाइल वर चढवायची असेल तर जुना एक्सएचआरच (ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमधून सर्व्हरशी बोलायची जुनी सोय) घ्या, उगाच लाजू नका. एक्सएचआर डॉट अपलोडवर प्रोग्रेस इव्हेंट ऐकायचा, लोडेड भागिले टोटल, झालं. फेचला, म्हणजे त्याच कामाच्या नव्या सोयीला, अपलोडची प्रोग्रेस सरळ मिळतच नाही. क्रोमियममध्ये (क्रोम, एज यांचा गाभा) आवृत्ती १०५ पासून रिक्वेस्ट बॉडी तुकड्यातुकड्यानं स्ट्रीम करता येते खरी, पण तिला निदान एचटीटीपी/२ लागतं आणि आपण मोजतो ते ब्राउझरनं आपल्याकडून उचललेले बाइट, सर्व्हरला पोचलेले नाहीत. एक्सएचआरचं एक मात्र, दुसऱ्या डोमेनवर अपलोड असेल तर तो प्रोग्रेसचा लिसनर लावल्या लावल्या प्रीफ्लाइट (ब्राउझरनं आधी सर्व्हरची परवानगी विचारणं) सुरू होते, सर्व्हरवर कॉर्स (दुसऱ्या डोमेनला परवानगी द्यायची सेटिंग) नीट नसेल तर कालपर्यंत चालणारं आज बंद.

डाउनलोडला फेच छान, बॉडीचा रीडर घेऊन तुकडे मोजत जायचे. फक्त सर्व्हर जीझिपनं दाबून पाठवत असेल तर कंटेंट-लेंग्थ दाबलेल्या साइजची आणि रीडरमधून येणारे बाइट उलगडलेले, म्हणून बार १३० टक्के वगैरे दाखवतो. एक्सएचआर अशा वेळी टोटल माहीत नाही म्हणून हात वर करतो, ते निदान प्रामाणिक.

आता सर्व्हरच्या दळणाचं. इथं क्लायंटकडून काही मोजता येत नाही, सर्व्हरनंच सांगायला हवं. पोलिंग म्हणजे सर्व्हरनं २०२ ('घेतलंय, काम चालू आहे' हा कोड) बरोबर जॉब आयडी द्यायचा आणि ब्राउझरनं दर २-३ सेकंदांनी विचारायचं, कुठपर्यंत आलं? दिसायला गावठी, पण पेज रिफ्रेश झालं तरी आयडी असला की गाडी परत रुळावर. सेटइंटरव्हल नको, उत्तर आल्यावर पुढचा सेटटाइमआउट लावा, नाहीतर सर्व्हर मंद असला की रिक्वेस्टवर रिक्वेस्ट चढतात.

एसएसई (सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, एकच कनेक्शन उघडं ठेवून सर्व्हर स्वतःहून कळवत राहतो) जास्त देखणं, तुटलं तर आपोआप जोडतं. पण ब्राउझरमध्ये ते ऐकणाऱ्या इव्हेंटसोर्सला ऑथरायझेशन हेडर (लॉगिनचा टोकन) लावता येत नाही, एचटीटीपी/१.१ वर एका डोमेनला सहाच कनेक्शन, सात टॅब उघडले की सातवा ताटकळत. आणि मध्ये एनजिनएक्स (सर्व्हरच्या पुढं बसणारा प्रॉक्सी) असेल तर त्याचं बफरिंग, म्हणजे उत्तर साठवून मग पुढं देणं, मुळात चालूच असतं, माझे सगळे टक्के शेवटी एकदम धबाधबा आले. एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग: नो हा हेडर पाठवल्यावर सुटलं. वेबसॉकेट (दोन्ही बाजूंनी बोलायचं कनेक्शन) नुसत्या टक्क्यांसाठी नकोच, तिकडून इकडे एकच आकडा यायचाय.

त्या एक्सेलला मी शेवटी एक्सएचआर अधिक पोलिंग ठेवलं, बार दोन, पहिल्यावर 'फाइल चढतेय', दुसऱ्यावर '१२०० पैकी ३४० ओळी', आणि बटण तोवर बंद.