मल्टर: नोडवर फाइल अपलोडसाठी बरेच महिने वापरल्यानंतर

आमचं ऑफिस महापेला, आणि कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यासाठी आम्ही बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि पीओडी (माल पोचल्याचा पुरावा) यांचं वेब अ‍ॅप चालवतो. काम दिसायला साधं. ड्रायव्हरने माल उतरवला की सही-शिक्क्याच्या पीओडीचा फोटो काढायचा, सोबत काट्याची पावती जोडायची, अपलोड मारायचं, की इकडे अकाउंटवाले बिल काढायला मोकळे. बॅकएंड एक्सप्रेसवर, म्हणजे नोडच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या) वेब फ्रेमवर्कवर होतंच, म्हणून त्याला जोडायची फाइल अपलोडची लायब्ररी मल्टर घेतली, गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून प्रॉडक्शनला आहे.

आधी चांगलं सांगतो. एक्सप्रेसचा जेसन पार्सर मल्टिपार्ट फॉर्मला (ज्यात फाइल आणि मजकूर वेगवेगळ्या भागांत एकत्र येतात) हातही लावत नाही, ते मल्टर करतं, आणि तेवढंच करतं. आत पार्सिंगचं खरं काम बसबॉय नावाची लायब्ररी करते, मल्टर वरून डिस्कवर किंवा मेमरीत फाइल ठेवून रिक्वेस्टमध्ये तुमच्या हातात देतं. रूटला एक ओळ जोडली की चहा संपेपर्यंत पहिली फाइल सर्व्हरवर पडलेली असते. एका रिक्वेस्टमधली एखादी फाइल फसली तर त्याच रिक्वेस्टच्या डिस्कवर लिहिलेल्या बाकीच्या फाइल्सही ते स्वतः उडवतं, ही सोय लोकांच्या लक्षात येत नाही पण मस्त आहे. मात्र फाइल नीट आली आणि नंतर तुमचं डेटाबेस इन्सर्ट फेल झालं तर ती फाइल अनाथ, तिचं बघायला मल्टर येणार नाही. अशा फाइल्स साफ करायला रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) तुम्हालाच लावायचा.

आता डोकं खाणारी गोष्ट. डिस्क स्टोरेजमध्ये फोल्डर ठरवायचं फंक्शन असतं, तिथे आम्हाला बिल्टी नंबरचं फोल्डर हवं होतं. टेस्टिंगला सगळं बरोबर, आणि लाइव्हला ‘अनडिफाइन्ड’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये सगळ्या गाड्यांचे पीओडी. कारण असं की मल्टिपार्टमधले भाग ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने वाचले जातात, फाइल आधी आणि बिल्टी नंबर मागून आला तर फोल्डर ठरवताना बॉडीत तो नंबर अजून आलेलाच नसतो. फ्रंटएंडला फॉर्मडेटात टेक्स्ट फील्ड आधी आणि फाइल सगळ्यात शेवटी टाकली की प्रश्न मिटतो, पण मी म्हणेन त्याच्या नादीच लागू नका, फाइलला रँडम नाव द्या आणि कुठली बिल्टी ते डेटाबेसला ठेवा.

मराठी नावांचं तर वेगळंच. ऑफिसमधली मंडळी स्कॅन करून ‘काटा पावती तळोजा’ असं नाव देतात, आणि आपल्याकडे पोचतं ते टोपीवाला रोमन ए, मग चलनाचं चिन्ह, मध्येच जपानी येनचं चिन्ह, असा कचरा. बसबॉय १ पासून फाइलचं नाव डीफॉल्टने लॅटिन-१ (एका अक्षराला एकच बाइट मोजणारी जुनी पद्धत) धरून वाचतं, आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं, त्यामुळे एकेका अक्षराचे तीन तुकडे होतात. ओरिजिनल नेमचा लॅटिन-१ बफर करून परत युटीएफ-८ ला वळवला की नाव जसंच्या तसं मिळतं, एका ओळीचं काम आहे. आणि हो, लिनक्सच्या ईएक्सटी४ वर फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते, म्हणजे मराठीत जेमतेम ८५ चिन्हं, काना-मात्रा वेगळे मोजून बरं का. ज्यांना फाइलच्या नावातच पार्टीचा पत्ता, तारीख, गाडी नंबर सगळं लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी हे कमीच पडतं.

मल्टरच्या फाइलफिल्टरवर (कुठली फाइल घ्यायची ते ठरवणारं फंक्शन) फार विसंबू नका. तिथे मिळणारा टाइप ब्राउझर सांगतो तो असतो, आतला मजकूर तोवर वाचलेलाच नसतो, त्यामुळे कुठल्याही फाइलला जेपीजी नाव दिलं की ती खुशाल आत. आम्ही सेव्ह झाल्यावर पहिले बाइट्स बघतो (जेपीईजी असेल तर एफएफ डी८ एफएफ) आणि मग शार्प या इमेज लायब्ररीतून फोटो नव्याने काढतो, त्यात डीफॉल्टने लोकेशनबिकेशन मेटाडेटाही गळून जातो.

साइजची लिमिट स्वतः लावा, डीफॉल्टला ती इन्फिनिटी आहे! शिवाय एरर हँडलर लिहिला नाही तर मोठ्या फाइलला एक्सप्रेस सरळ ५०० (सर्व्हर एरर) देतं, आणि मग क्लायंटचा फोन, ‘साहेब सर्व्हर पडला का’. पुढे एनजिनएक्स (नोडच्या आधी रिक्वेस्ट घेणारा वेब सर्व्हर) असेल तर तिथली डीफॉल्ट लिमिट १ एमबी, आजकालच्या फोनचा एक फोटो त्यात मावत नाही, ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी) येतो आणि मल्टरपर्यंत काही पोचतच नाही. मेमरी स्टोरेज तर संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम रिकाम्या होतात तेव्हा लहान सर्व्हरची रॅम खाऊन टाकतं, आमच्याकडे ते बंद आहे.

नेटवर्कच्या बाबतीत मल्टरकडून काही मागूच नका. घाटात रेंज गेली की अपलोड पहिल्यापासून, ‘भाऊ ते गोल गोल फिरतंय नुसतं’ हे वाक्य आमच्या सपोर्टवाल्या पोराला पाठ झालंय. फोनवरच ब्राउझरच्या कॅनव्हासने फोटो लहान करून पाठवायला लागलो तेव्हा बहुतेक तक्रारी थांबल्या. माल तुटफूट निघाला की व्हिडिओ येतात, त्यांना मात्र मल्टरच्या वाटेने पाठवणं चूक आहे, ते आम्ही अप्पी (ब्राउझरमधलं अपलोडर) आणि टस (तुटलेलं अपलोड पुढे चालू करणारा प्रोटोकॉल) सर्व्हरवर नेले, तिथे तुटल्यावर फोन आधी विचारतो किती बाइट्स पोचले आणि तिथून पुढे चालू करतो. सेटअपला वेळ जातो पण ड्रायव्हरचा डेटा वाचतो.

मल्टरच्या आवृत्तीचं बघून घ्या. १.४.५ एलटीएस वर अजून बरेच प्रोजेक्ट बसलेत, पण २०२५ च्या मे मध्ये २.०.० आलं ते सुरक्षेच्या भोकांसाठीच, त्यातल्या एकात वेडीवाकडी मल्टिपार्ट रिक्वेस्ट पाठवून अख्खी नोड प्रोसेस पाडता येत होती, आणि नंतर तसल्याच दुरुस्त्यांसाठी २.०.१ आणि २.०.२ पण आले. आमच्या कोडमध्ये अपग्रेडला काही बदलावं लागलं नाही, फक्त आधी स्टेजिंगला (लाइव्हच्या आधीच्या चाचणी सर्व्हरला) मराठी नावाची एक पीडीएफ आणि लिमिटच्या वरचा एक फोटो टाकून बघितला.