शार्क आयलंड, ल्यूडरिट्झ (नामिबिया): जा, पण तंबू नेऊ नका

सोयींचं आधी उरकतो. चहूकडे समुद्र, खडकांच्या आडोशाला तंबूच्या जागा, ब्रायसाठी (उघड्यावर मांस भाजायला) चुली, एक दीपगृह, पलीकडे गावातलं फेल्सेनकिर्श चर्च. वारा एवढा की खुंट्या मजबूत हव्यात. सूर्यास्ताला जागा सुरेख दिसते, आणि तिथेच तर गोची आहे.

तेव्हा हा देश जर्मनांची वसाहत होता. 1905 ते 1907 या काळात त्यांनी याच खडकांवर छावणी करून हेरेरो आणि नामा या स्थानिक जमातींच्या लोकांना डांबलं, बायकामुलांसकट. अंगावर चिंध्या, पोटात जेमतेम काही, वर हा वारा. नामांचे पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्स फेब्रुवारी 1907 मध्ये इथेच गेले. मेलेल्यांच्या कवट्या वंशाच्या 'संशोधना'साठी जर्मनीला धाडल्या. त्यांतल्या काही 2011 साली मायदेशी परतल्या. फ्रेडरिक्स यांचं स्मारक आहे, पण त्याच बेटावर अडोल्फ ल्यूडरिट्झ या जर्मन व्यापाऱ्याचंही आहे.

माझी सगळी नोकरी रेल्वेत, रुळांच्या देखभालीत गेली. त्यामुळे मी बेटापेक्षा जास्त रेंगाळलो तो गावाबाहेर, आतल्या आउस गावाकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनपाशी. साडेतीन फुटी गेज, वाळवंटातून काढलेला मार्ग. वारा सुटला की वाळू रुळांवर चढते. ही लाइन कैद्यांकडून घालून घेतली. जानेवारी 1906 ते जून 1907 दरम्यान कामाला जुंपलेल्या 2,014 कैद्यांपैकी 1,359 मेले, आणि हा हिशेब खुद्द जर्मनांच्या दप्तरातला. आमच्याकडे ट्रॅकवर एक गँगमन दगावला तरी चौकशी बसायची. इथे तिघांतले दोघे गेले आणि 1908 मध्ये लाइन आणखी आत, केटमन्सहूप गावाला पोचली.

म्हणून सल्ला: दिवसा या, सावकाश फिरा, मुक्कामाला गावात जा. या जमिनीवर मांस भाजत बसणं माझ्याच्यानं झालं नसतं. बहुतेक पर्यटक कोल्मन्सकॉपचं ओसाड हिऱ्यांचं गाव बघून निघतात. ते बघाच, पण बेटाला अर्धा दिवस ठेवा. किनाऱ्यावरच्याच स्वाकोपमुंड गावातही अशी छावणी होती. तिथे आखीवरेखीव जर्मन स्मशानाशेजारी वाळूचे बिननावाचे उंचवटे आहेत, तेही चुकवू नका. खोलात शिरायचं असेल तर राजधानी विंडहुकच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जर्मन राजवटीच्या फायली आहेत. जर्मन येत नसेल तर जाणकार सोबत न्या.