एमएसपी-१ (१९) प्रथिन: दोन लॉट वापरून झाल्यावर

मलेरियाच्या अँटिबॉडी तपासायच्या या प्रथिनाचा नवा लॉट लावला आणि त्याच जुन्या पॉझिटिव्ह पूलचा (अँटिबॉडी असलेल्यांचं एकत्र केलेलं सिरम, म्हणजे रक्तातला द्रव) ओडी, म्हणजे रंगाच्या गडदपणाचा आकडा, एक तृतीयांशावर आला, म्हणून हे लिहायला घेतलं. माल ठाऊक असेलच: मलेरियाच्या फॅल्सिपॅरम परजीवीच्या पृष्ठभागावरच्या एमएसपी-१ प्रथिनाचा शेवटचा १९ किलोडाल्टनचा तुकडा, ई. कोलाय जिवाणूत बनवलेला, हिस-टॅगवाला (शुद्ध करायला जोडलेली छोटी शेपटी), १०० मायक्रोग्रॅमची सुकी पावडर. इकडे वापर एलायझासाठी (प्लेटच्या खळग्यांत, म्हणजे वेलमध्ये, प्रथिन चिकटवून सिरममधल्या अँटिबॉडी मोजायची चाचणी), गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या गावांच्या सिरमवर.

किंमत ऐकून धस्स होतं, पण हिशेब मांडला की माल पुरतो. मिलीला ०.५ मायक्रोग्रॅम, वेलमध्ये १०० मायक्रोलिटर, म्हणजे वेलमागे ५० नॅनोग्रॅम. एका वायलमध्ये २००० वेल, कागदावर २० प्लेट. सांडलवंड धरून १८ पकडा. माहितीपत्रकात १ ते २ मायक्रोग्रॅमनं कोटिंग करा असं छापलंय, ते वायली खपवायला ठीक आहे. चेकरबोर्ड लावून पाहा, म्हणजे प्रथिन आणि सिरम दोन्हींची वेगवेगळी प्रमाणं एकाच प्लेटवर. पहिल्या लॉटला प्रथिन ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर नेलं तरी ओडी वाढतच नव्हता. बाकी नेहमीचंच: पीएच ९.६ चा कार्बोनेट बफर, ४ अंशाला रात्रभर, दुसऱ्या दिवशी स्किम मिल्कनं ब्लॉकिंग, म्हणजे वेलमधली उरलेली जागा झाकणं.

वायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या, अर्धी पावडर रबरी बुचाला चिकटलेली असते. विरघळवल्यावर लगेच १०-१० मायक्रोग्रॅमचे वाटे पाडा आणि एकदा वितळलेला वाटा परत गोठवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तर ठेवूच नका; बर्फ साचू नये म्हणून तो कप्पा स्वतःच गरम-थंड होत राहतो. साध्या डीप फ्रीजरमध्ये, जेल पॅक भरलेल्या थर्मोकोलच्या डब्यात वाटे ठेवले की लाइट गेली तरी काही तास निघतात.

आता खरी भानगड. सोबत येणाऱ्या प्रमाणपत्रावर शुद्धता ९० टक्क्यांच्या वर लिहिलेली असते आणि पुराव्याला एका जेलचा (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या) फोटो. जेल कोणतं? नमुना रिड्यूस करून, म्हणजे प्रथिनातले डायसल्फाइड बंध तोडून, चालवलेलं. या तुकड्यात १२ सिस्टीन (गंधकवाली अमिनो आम्लं) आहेत, त्यांचे ६ डायसल्फाइड बंध, आणि साखळीची घडी तेच धरून ठेवतात. माणसाच्या रक्तातल्या अँटिबॉडी बहुतेक त्या घडीलाच धरतात, सरळ साखळीला नाही. ई. कोलायच्या पेशीत हे बंध नीट जुळत नाहीत. प्रथिन गठ्ठ्यात साचतं, ते विरघळवून पुन्हा घडी घालावी लागते, आणि लॉट बिघडतो तो तिथेच. रिड्यूस केलं की बरोबर घडीचं आणि चुकीच्या घडीचं, दोन्ही एकाच जागी एकच सुंदर बँड देतात. म्हणजे जे तपासायला हवं तेच मोडून टाकायचं आणि वर फोटो काढायचा!

त्यामुळे नवा लॉट आला की दोन कामं करा. एकच नमुना रिड्यूस करून आणि न करता शेजारी चालवा, पण मधे एक लेन रिकामी सोडा, नाहीतर डीटीटी (बंध तोडणारं रसायन) पाझरून शेजारचाही बिघडतो. न रिड्यूस केलेला बँड आटोपशीर आणि थोडा पुढे पळालेला हवा. वर डायमर (जोडीनं चिकटलेलं प्रथिन) आणि धूसर पट्टा दिसला तर समजून जा. दुसरं, थोडं प्रथिन १० मिलिमोलर डीटीटीत ५६ अंशाला अर्धा तास ठेवा, मग २५ मिलिमोलर आयोडोअ‍ॅसिटामाइड घालून अंधारात अर्धा तास. आयोडोअ‍ॅसिटामाइड टाळलं तर तुटलेले बंध परत जुळू शकतात. मग मूळ आणि हे, दोन्ही सारख्या प्रमाणात कोट करून एकाच पूलनं तपासा. चांगल्या लॉटमध्ये रिड्यूस केलेली वेल ब्लँकच्या (सिरम न घातलेल्या वेलच्या) आसपास कोसळते. या नव्या लॉटमध्ये मूळ वेलच इतकी खाली होती की फरक नावालाच उरला.

कंपनीचं पहिलं उत्तर: कोल्ड चेन तुटली असेल, तुमच्याकडे ऊन फार. पहिला संशय इकडेही कुरिअरवरच होता, पण तो टिकत नाही. जुना लॉट नवतपात, जेल पॅकचं पाणी झालेल्या डब्यातून आला आणि उत्तम चालला. बिघडलेला ऐन थंडीत आला. सुकी पावडर तेवढा उन्हाळा सोसते. बराच काळ फोकनाड उत्तरं आली, दोन्ही जेलचे फोटो पाठवल्यावर वायल बदलून मिळाली. बदललेली चांगली आहे, त्यामुळे प्रथिनाला नाव ठेवत नाही. राग प्रमाणपत्रावर आहे, तो कायम आहे.

ई. कोलायविरुद्धच्या अँटिबॉडी बहुतेकांच्या रक्तात असतात, आणि त्या मालात उरलेल्या ई. कोलायच्या प्रथिनांना चिकटतात. ब्लँक वेल स्वच्छ, पण शहरातलं मलेरिया न झालेलं सिरमही चढं दिसतंय, असं झालं तर सिरम पातळ करायच्या बफरमध्येच थोडं ई. कोलाय लायसेट (फोडलेल्या जिवाणूंचा अर्क) घाला. जीएसटी-टॅगचा (हिसऐवजी जीएसटी हे मोठं प्रथिन जोडलेला) माल स्वस्त मिळतो, पण मग प्रत्येक सिरमला नुसत्या जीएसटीची वेगळी वेल लागते. तिथे बचत संपली. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीचं एमएसपी-१ (१९) वेगळं घ्यावं लागतं, एकावर दोन्ही भागत नाही.

उंदरांना टोचायला ही वायल नको. एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातल्या, शरीराला भडकवणाऱ्या विषाचा) आकडा कागदावर कुठेच नाही, आणि ई. कोलायच्या मालात तो असतोच. उंदराचा प्रतिसाद प्रथिनाला की एंडोटॉक्सिनला, कळणार नाही. त्यासाठी कमी एंडोटॉक्सिनचा माल वेगळा मागवा, आणि ऑर्डर देतानाच न रिड्यूस केलेल्या जेलचा फोटो लेखी मागून ठेवा. फोटो आल्याशिवाय पैसे सोडू नका.